राउटरच्या अडसराविषयी दोन शब्द
(पूर्णा येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



‘आपला व्यवसाय आणि नवी यंत्रे’ या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून राउटर यंत्रावरील खोलीचा अडसर एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. आमची हयात फळ्यासमोर गेली, रंध्यासमोर नव्हे. तथापि सुताराच्या घरी जन्म झाल्यामुळे पटाशीचा आवाज आमच्या कानांना परका नाही. आणि पुढील गोष्टी आपल्याच कारागिरांजवळ बसून आम्ही समजून घेतल्या आहेत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन अशी तिची तरतूद. यंत्र घरात येणे त्यामुळे सोपे झाले. ते हाताखाली येणे मात्र अजून आपल्यावरच आहे.

पटाशीने खाच घेताना घावागणिक थोडेच लाकूड निघते, त्यामुळे डोळ्याला सावध होण्यास अवसर मिळतो. राउटरचे पाते मिनिटाला १०,००० हून अधिक फेरे घेते. तेथे डोळा मागे राहतो. म्हणून कोठे थांबावयाचे, हे यंत्र चालू करण्यापूर्वीच ठरले पाहिजे. पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावी हे फोडून सांगावयास नको. यार्डातील बंद रुळाच्या टोकाशी अडसर असतो, तो गाडी तेथे पोहोचल्यावर कोणी उभारीत नाही.

आता रीत सांगतो. प्रथम प्लग काढावा. पाते पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर वर घ्यावे व चक घट्ट आवळावा. यंत्र सपाट फळीवर ठेवून पाते फळीला टेकेपर्यंत खाली दाबावे आणि तेथेच अडकवावे. हे झाले शून्य. खाली जी टप्प्यांची फिरती चकती असते तिचा सर्वांत खालचा टप्पा दांडीखाली आणावा. बिजागरीची खाच घ्यावयाची असेल, तर बिजागरीचे पानच त्या टप्प्यावर ठेवून दांडी त्यावर टेकवावी आणि तिचा स्क्रू आवळावा. मग पान काढून घ्यावे. दांडीखाली जेवढी फट राहिली, तेवढीच खाच होईल. पट्टी नको, हिशेब नको. वस्तूच आपले माप देते.

खोबण खोल असेल तर चकतीचे टप्पे कामी येतात. किनवटच्या सागात १२ मिलिमीटरची खोबण एकदम घेऊ नये. उंच टप्प्यावर ४, मधल्यावर ८ आणि खालच्यावर १२, अशी तीन वेळांत घ्यावी. एकदम घेतल्यास लाकूड जळते, पाते तुटते आणि यंत्र हातातून उसळते. लहान ट्रिमरला असे टप्पे नसतात. तेथे प्रत्येक वेळी प्लग काढून पायाच सरकवावा लागतो.

इतके करूनही माप चुकते, त्याची कारणे दोन. दांडीखाली भुसा साचला तर खाच उथळ राहते. चक सैल असेल तर पाते हळूहळू बाहेर सरकते आणि खाच नकळत खोल जाते. म्हणून पहिली खाच नेहमी टाकाऊ तुकड्यावर घेऊन मोजावी.

यांत काय अडले, असे कोणी विचारील. बिजागरी प्रमाणाबाहेर खोल बसली की दार पुरते मिटत नाही, चौकटीशी अडते, आणि रोज ओढून ओढून स्क्रू ढिले होतात. गिऱ्हाईक कारण शोधीत नाही. पुढचे दार तो तयार मालाच्या दुकानातून आणतो. एका मिलिमीटरने असे घरचे काम जाते.

आता संगणकावर चालणारी नक्षीची यंत्रेही आली आहेत. त्यांनी धीर खचण्याचे कारण नाही. त्या यंत्राला खोली आकड्यात सांगावी लागते, पण शून्य ठरविणारा माणूसच असतो. आणि फळी वाकलेली असेल तर आकडा तोच राहूनही नक्षी एकीकडे खोल, दुसरीकडे उथळ उतरते. फळी वाकली आहे हे हात फिरवून ओळखणारी माणसे आज या मांडवात बसलेली आहेत.

आम्हांला चिंता वाटते ती हीच. वडिलांना लाकूड कळते, मुलाला यंत्र कळते, आणि एकाच छपराखाली दोघे एकमेकांस काही विचारीत नाहीत. आमची विनंती एवढीच की, सुटीच्या दिवशी एक टाकाऊ फळी दोघांमध्ये ठेवावी. मुलाने अडसर लावून दाखवावा. वडिलांनी त्या खाचेत बोट घालून ती कशी झाली ते सांगावे. विद्या घरात टिकली तर काम घरी येईल.