ललिताबाईंचा डावा डोळा

आम्ही काशीगावहून बोलतोय. आम्ही म्हणजे आमच्या बचत गटातल्या बारा जणी. माइकसमोर एकच बसली आहे, पण कागद सगळ्यांनी मिळून लिहिलाय, भांडून लिहिलाय, म्हणून ‘आम्ही’.

काशीगाव म्हटल्यावर काही जणींना वाराणशीची काशी आठवेल. तशी पुण्याई आमच्या नशिबी नाही. मुंबईची हद्द दहिसरला संपली की हायवेच्या कडेला काशी आणि मिरा ही जुनी गावं लागतात. दोन्ही मिळून काशीमिरा. आता आम्ही मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडतो आणि मेट्रोच्या एका स्थानकालाही आमच्या गावाचं नाव आहे. पण गावठाण अजून गावठाणच आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून गप्पा होतात आणि त्यातूनच आजचा विषय निघाला.

झालं असं, की बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या भरून झाल्या. एकीची नात मोबाइलवर जुनं ‘रामायण’ बघत होती. मंथरा पडद्यावर आली आणि पोरीनं विचारलं, “आजी, हिचा एक डोळा बारीक का?” आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. कुणी म्हणालं, मुद्दाम तसा करायची. कुणी म्हणालं, जन्मापासूनच होता. एकीला खरं माहीत होतं. ती म्हणाली, “थप्पड बसली होती तिला. पण बरंच झालं की, त्याच थपडेनं नशीब उघडलं तिचं.”

यावर आमच्यातली एक जण ताडकन उठली. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तिनं सहा वर्षं प्रेसवर काम केलंय. उजव्या हाताच्या बोटाचं पेर त्या मशीनखाली गेलं. कारखान्याचं नाव आम्ही घेत नाही. दोन हजार रुपये हातावर ठेवून तिला घरी पाठवलं. पुढे तिनं पोळीभाजीचे डबे सुरू केले आणि ते बरे चालतात. तेव्हापासून लोक तिला हेच ऐकवतात, “बघ, बोट गेलं म्हणून तर धंदा सुरू झाला.” ती म्हणाली, “बोट असतं तर डबे जास्त झाले असते. कणीक मळताना बघा माझ्याकडे.”

त्या दिवशी बैठक लांबली. मग आम्ही ठरवलं, की ललिता पवारांची गोष्ट नीट माहीत करून घ्यायची.

बाई आपल्या येवल्याच्या. पैठणीचं येवलं, नाशिक जिल्हा. जन्म 1916 सालचा, माहेरचं नाव अंबा सगुण. सिनेमात आल्या तेव्हा सिनेमा मुका होता, आणि चांगल्या घरच्या बायका तिकडे फिरकत नसत. या लहान वयातच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मोठ्या झाल्यावर नायिका झाल्या. मारधाडीच्या चित्रपटांतल्या नायिका, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर त्या कायम डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्याच असतात. 1932 साली ‘कैलाश’ नावाच्या मूकपटात त्यांनी काम केलं आणि त्याच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. सोळा वर्षांची मुलगी निर्मितीत! आमच्या गटाला पहिलं कर्ज मिळायला तीन वर्षं लागली. पुढे 1941 साली मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये त्या होत्या. म्हणजे नाव झालेलं होतं आणि गाडी रुळावर होती.

आणि मग 1942. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या चित्रपटाचं शूटिंग. प्रसंगात त्यांना थोबाडीत मारायची होती. मारणारे नट होते भगवान, तेच जे पुढे ‘अलबेला’मुळे घराघरांत भगवानदादा झाले. दुष्टाव्यानं मारली असं कुणीच म्हणत नाही. पण हात जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. बाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. उपचार वर्षानुवर्षं चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला.

जिच्या चेहऱ्यावर घर चालतं तिचा चेहराच गेला. याला नशीब उघडणं म्हणायचं का? नायिकेची कामं संपली ती संपलीच. मधली वर्षं, औषधपाणी, आरशात बघायची भीती, याचा हिशोब कोण धरतं? पुढे त्यांना जे मिळालं ते थपडेनं दिलं नाही. ते त्यांनी स्वतः उभं केलं, आणि तेही नव्या, कमी पैशाच्या आणि कमी मानाच्या जागेवरून. यावर आमच्या बारा जणींचं एकमत झालं. बाकी कशावरच झालं नाही.

त्या जागेला सिनेमावाले सहायक भूमिका म्हणतात, चरित्र अभिनेत्री म्हणतात. म्हणजे सासू, आई, मावशी, घरमालकीण. गाणी नायिकेला, पोस्टर नायिकेचं. 1944 साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला, त्यात ललिताबाई आनंदीबाई होत्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. नारायणराव पेशव्याच्या खुनाचं सगळं पाप लोकांच्या तोंडी त्या एका बाईच्या नावावर बसलंय. अशी बाई पडद्यावर उभी करायची तर नुसतं डोळे वटारून भागत नाही. तो बारीक डोळा बाईंनी इथून पुढे कामाला लावला. लपवला नाही. कॅमेऱ्याकडे तीच बाजू करून बघायच्या, असं आम्हाला जुने चित्रपट बघताना सारखं वाटलं.

मग आला 1950 सालचा व्ही. शांतारामांचा ‘दहेज’. हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली आला, म्हणजे चित्रपट कायद्याच्या अकरा वर्षं आधीचा. आपल्या आज्या-पणज्यांनी असले चित्रपट बघून पदरानं डोळे पुसले आणि ललिता पवारांच्या नावानं बोटं मोडली. तेव्हापासून खाष्ट सासू म्हटली की ललिता पवार, हे ठरूनच गेलं.

इथे आमच्यात जोरात वाद झाला. तरुण सुना म्हणाल्या, चांगलं झालं, कुणीतरी दाखवलं तरी. वयस्कर बायका म्हणाल्या, सिनेमावाल्यांनी घरातला सगळा वाईटपणा एकट्या सासूच्या पदरात टाकला. हुंड्याचा पैसा कुणाच्या खिशात जातो? सासूच्या कनवटीला किती राहतो? सासरा पेपर वाचत बसतो आणि नवरा खाली मान घालून उभा राहतो, ते दोघं मात्र बिचारे. हा मुद्दा आम्हाला पटला. पण यात ललिताबाईंना दोष देता येत नाही. त्यांना जे काम मिळालं ते त्यांनी चोख केलं. इतकं चोख, की लोकांनी पुन्हा पुन्हा तेच दिलं.

पण दुसरी बाजू बघा. 1955 सालचा ‘श्री 420’. राज कपूर मुंबईत नवा आलाय, खिशात काही नाही, आणि फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई बसलीय. तो भावाची घासाघीस उलटी करून तिला हसवतो आणि ती त्याला पोरासारखा जवळ करते. ती टोपली, ते पाय पसरून बसणं, गिऱ्हाईकाकडे आधी संशयानं आणि मग मायेनं बघणं. आमच्यातल्या दोघी स्टेशनबाहेर भाजी विकतात. त्या म्हणाल्या, ही बाई खरी बसलीय, नाटकातली बसली नाहीय.

आणि 1959 सालचा ‘अनाडी’. हा आम्ही एकीच्या घरी दोन संध्याकाळी मिळून बघितला. हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट. ललिताबाई मिसेस डिसा, एकटी राहणारी ख्रिस्ती घरमालकीण. राज कपूर तिचा भाडेकरू. भाडं थकलं की तोंडानं फाडफाड बोलते, आणि जेवायला वाढल्याशिवाय राहत नाही. आमच्या इथे उत्तनला, भाईंदरला अशा ख्रिस्ती मावश्या आहेत, फ्रॉकातल्या, फटकळ, दारात मासळीचा हिशोब करणाऱ्या. त्यामुळे आम्हाला मिसेस डिसा परकी वाटलीच नाही. शेवटी ती मरते ती खराब औषध घेऊन, आणि ते औषध असतं एका शेठजींच्या कंपनीचं. शेठजी मोठा माणूस, खुनाचा आळ येतो गरीब भाडेकरूवर. चित्रपट तिच्या मरणावर उभा आहे. ती काढून टाकली तर मागे उरतात चार गाणी. या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. 1961 साली संगीत नाटक अकादमीनंही गौरव केला.

त्याच डोळ्यानं आनंदीबाई आणि त्याच डोळ्यानं मिसेस डिसा. आमच्या डबेवालीनं अर्धं पेर गेलेल्या हाताकडे बघून मान हलवली, बोलली काही नाही.

‘प्रोफेसर’मध्ये (1962) तर त्या विनोदी झाल्या. कडक शिस्तीची बाई म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर भाळते आणि लाजते. खाष्ट सासूला लाजताना बघून आमची हसून पुरेवाट झाली. मग ‘आनंद’मधली मॅट्रन. आणि 1987 साली, सत्तरी ओलांडल्यावर, रामानंद सागरांच्या ‘रामायण’मधली मंथरा. रविवारी सकाळी आमच्या सासवा टीव्हीला हळदकुंकू वाहायच्या, राम आला की हात जोडायच्या, आणि मंथरा आली की शिव्या द्यायच्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं तेच पुन्हा दाखवलं, तेव्हा शिव्या द्यायची पाळी आमची होती. 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात बाई गेल्या. मूकपटापासून टीव्हीपर्यंत साधारण सत्तर वर्षं काम. त्यातली पन्नासहून जास्त त्या डोळ्यासकट.

आता थोडं आमच्याकडचं. मिरा रोड, नायगाव या बाजूला मालिकांचे सेट लागतात. आमच्यातल्या तिघी-चौघी गर्दीत उभं राहायला जातात. लग्नात बसायचं, देवळात टाळ्या वाजवायच्या, बाजारातून पिशवी घेऊन चालायचं. बारा तास जातात आणि पैसे मधल्या माणसाकडून महिन्या-दोन महिन्यांनी येतात, कधी कापून येतात. एकीचा पाय सेटवरच्या वायरीत अडकून मुरगळला, तर तिला सांगितलं, उद्या येऊ नकोस. हे ऐकल्यावर 1942 फार लांबचं वाटलं नाही.

म्हणून कारखान्यात, प्रेसवर, मशीनवर जाणाऱ्या बहिणींना एक सांगून ठेवतो, कारण आमच्या डबेवालीला ते वेळेवर कुणी सांगितलं नाही. कामावर अपघात झाला तर भरपाईची तरतूद आपल्या देशात 1923 सालच्या कायद्यापासून आहे. ईएसआय लागू असेल तर भरपाई ईएसआयकडून मिळते, नसेल तर मालकानं द्यायची असते. हातावर ठेवलेले दोन हजार म्हणजे भरपाई नव्हे. दवाखान्याचे कागद, हजेरीचा कागद, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. गटाच्या पेटीत ठेवा, घरी उंदीर खातात.

ज्या नातीनं प्रश्न विचारला होता तिला आम्ही ही सगळी गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि विचारलं, “मग त्या मारणाऱ्या काकांनी सॉरी म्हटलं का?” आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. पुढच्या बैठकीत ‘श्री 420’ पूर्ण बघायचं ठरलंय. भाजीवाल्या दोघी येताना केळी आणणार आहेत, आणि भाव आधीच सांगून ठेवलाय.