खोक्यातला रस्ता

हेडफोन लावलेत ना? एसटीत असा, होस्टेलच्या गच्चीवर असा, आजचा विषय तुमच्या खिशातल्या फोनचाच आहे.

मी अमरावतीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते. आधी माझ्या कॉलेजातली गोष्ट सांगते. तिसऱ्या वर्षाला साइट व्हिजिट होती, रस्त्याच्या कामावर. मुलं खाली उतरली. आम्हा पाच मुलींना सांगितलं, "तुम्ही बसमध्येच बसा, ऊन आहे." खिडकीतून मला एका रोलरचं मागचं चाक दिसलं. रिपोर्ट मात्र मी चार पानांचा लिहिला. मार्कही मिळाले!

आता या गोष्टीतून २०२२ मध्ये या. आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, ३ जून ते ७ जून असं सलग काम चाललं. १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर. गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. म्हणजे जग ज्याची बातमी करत होतं, ते आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर घडत होतं. आणि माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी ते पाहिलं कुठे? रीलवर. तीस सेकंद, वर गाणं.

तेव्हा डोक्यात आलं, फोनवरच बघणार असतील, तर नीट तरी बघू द्या.

ओळखीतून एक ३६० अंशांचा कॅमेरा मिळवला. एका छोट्या डांबरीकरणाच्या कामावर परवानगी काढली आणि तीन ठिकाणी स्टँड लावला: हॉट मिक्स प्लांट, पेव्हर आणि रोलर. पोरांनी पुठ्ठे कापून खोकी केली, त्यात दोन भिंगं बसवली. ही आयडिया माझी नाही, गूगलने २०१४ सालीच 'कार्डबोर्ड' म्हणून आणली होती. फोन खोक्यात घालायचा, डोळ्याला लावायचा आणि मान फिरवायची.

पहिल्या दिवशी फजिती झाली. एक जण म्हणाला, "मॅडम, माया फोनमध्ये त काहीच फिरून नाई रायलं." स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये जायरोस्कोप नसतो. मान कुठे वळली, हे त्या फोनला कळतच नाही. दुसरी म्हणाली, "मायं डोकं गरगरून रायलं." तिचंही बरोबर होतं. डोळे सांगतात आपण हललो, कान सांगतो जागेवरच आहोत. म्हणून नियम केला: कॅमेरा चालवायचा नाही, स्टँडवर स्थिर ठेवायचा. क्लिप तीन मिनिटांची. आणि एका खोक्यामागे दोघं, एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं.

आणि बघायच्या आधी प्रश्न. टिपरवर ताडपत्री का? रोलरच्या ड्रमवर पाणी का सोडतात? आता पोरं शोधायला लागली. मिक्स प्लांटमधून साधारण १५० अंशांना निघतं, गार झालं की दबत नाही, म्हणून ताडपत्री. ड्रमला डांबर चिकटू नये, म्हणून पाणी. मग विक्रमाचे आकडे फळ्यावर लिहिले: ३६,६३४ टन मिक्स, त्यात २,०७० टन डांबर. काढा टक्केवारी. साडेपाचच्या थोडं वर येते. पुस्तकातल्या कोष्टकात असतो, त्याच्या जवळपासचाच आकडा. ७५ किलोमीटर भागिले १०५ तास केलं, की मिनिटाला जेमतेम १२ मीटर. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हे त चालण्यापेक्षाही हळू हाये!" हो, पण थांबायचं नाही. कमाल वेगाची नाही, न थांबण्याची आहे. एक टिपर उशिरा आला की संपलं.

इथपर्यंत सगळं छान. मग एके दिवशी वर्गातली एक मुलगी, मूर्तिजापूरकडची, तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, घरी सांगितलं तर आई म्हणते, फोनात दिसते ना सारं, मंग साइटवर जायाची काय गरज?"

मंडळी, माझ्या पोटात गोळा आला. मी खोकं बनवलं ते बसची खिडकी उघडावी म्हणून. आणि ते नवी खिडकी होऊन बसलं होतं! कॉलेजांनाही हे सोयीचंच. बसचं भाडं वाचतं, जबाबदारी टळते. आणि सगळ्यात आधी कोण घरी राहतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मी तिला म्हटलं, खोकं घरी ने, आईला दाखव.

सोमवारी ती हसत आली. आईने खोकं डोळ्याला लावलं, आणि आम्ही सगळे पेव्हरकडे बघत होतो, ती मागे वळली. म्हणाली, "अवं, झाडू मारनाऱ्या बाया हायेत तं इथं!" डांबर टाकायच्या आधी रस्ता झाडून साफ करतात, नाहीतर थर धरत नाही. ते काम बायाच करत होत्या. क्लिप मी वीसदा तरी पाहिली होती, पण मागे वळून नाही. आई पुढे म्हणाली, "त्याइले ऊन लागत नाई का? जाय तू बी."

पुढच्या महिन्यात सगळा वर्ग साइटवर गेला. हेल्मेट, जॅकेट घालून, मुलींसकट. कोणाला काय बघायचं हे आधीच ठाऊक होतं, त्यामुळे सेल्फी कमी आणि प्रश्न जास्त. मूर्तिजापूरच्या त्या मुलीने मिक्समध्ये थर्मामीटर खुपसला आणि आकडा मोठ्याने वाचला. ती धग, तो डांबराचा वास खोक्यात येत नाही हो.

तर माझं म्हणणं एवढंच. व्हीआर जायच्या आधी वापरा, आल्यावर उजळणीला वापरा. जायच्या ऐवजी नको. आणि तुमच्या कॉलेजात "व्हिडिओ दाखवला, झाली व्हिजिट" असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे विचारा, "सर, बस कधी निघणार?"

आणि हो, खोकं लावलंत तर एकदा मागे वळून बघा. भेटू पुढच्या एपिसोडला!