दोर घ्यायचाय? 'किती टनाचा' हे नंतर विचारा

शहाडहून बोलतोय. लोकलमध्ये नेटवर्क गेलं की भाग अर्धवट राहतो अशी तुमची तक्रार असते, म्हणून हे लिखित रूप. जसं बोललो तसंच ठेवलंय, मधले 'अं... म्हणजे...' तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय दोन मेसेजमुळे निघाला. एक जण अंबरनाथ एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. जड मशीन जमिनीवरून ओढायच्या विंचचा दोर त्याला बदलायचाय. दुसरा उरणचा, घरची बोट आहे, ती जेट्टीला बांधायला दोर हवाय. गंमत अशी की दोघांनाही आपापल्या दुकानदाराने एकच उत्तर दिलंय: "डबल ब्रेड घ्या, पाच टनाचा आहे, बिनधास्त वापरा." आता दोघं मला विचारतायत, घेऊ का?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दोर विकत नाही. पण शहाडमध्ये वाढलेल्या माणसाला धाग्याचं थोडं कळतंच. इथे सेंच्युरी रेयॉन आहे. १९५० च्या दशकापासून आपल्या भागातली कितीतरी घरं त्या कारखान्यावर चालली. तिथे व्हिस्कोसचा धागा होतो. हा धागा ओला झाला की त्याची साधारण निम्मी ताकद जाते. म्हणजे धाग्याची कोरडी ताकद वेगळी आणि ओली ताकद वेगळी. व्हिस्कोसचा दोर करून कोणी जहाज बांधत नाही, पण मुद्दा तोच आहे. "पाच टन" हा आकडा कोणत्या परिस्थितीतला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आधी डबल ब्रेड म्हणजे काय ते बघू. ब्रेड म्हणजे पाव नाही, वेणी. (देवनागरीत सर्च केलंत तर सँडविचच्या रेसिपी येतात, मला आल्या.) आपला जुना दोर असतो तीन पदरी, पीळ दिलेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि दोराच्या बाबतीत ती खरीच अडचण आहे. पीळदार दोराला वजन टांगलं की तो पीळ सोडायला बघतो आणि वजन गरगर फिरतं. वेणीत निम्मे पदर उजवीकडून आणि निम्मे डावीकडून जातात, त्यामुळे पीळ एकमेकांना मारतो आणि दोर फिरत नाही. डबल ब्रेडमध्ये आत एक वेणी, तो गाभा. त्यावर दुसरी वेणी, ती खोळ, उशीला असते तशी. अमेरिकेतल्या सॅमसन कंपनीने १९५७ साली हा प्रकार आणला. दोर गोल राहतो, हाताला मऊ लागतो, विंचच्या ड्रमवर नीट बसतो. म्हणून लोकांना आवडतो आणि म्हणून महागही असतो.

आता पहिला प्रश्न. खोळ भार घेते का?

दिसायला सगळे डबल ब्रेड सारखेच असतात, आतून मात्र दोन जाती आहेत. गाभा आणि खोळ एकाच मालाचे असतील, म्हणजे दोन्ही पॉलिएस्टर किंवा दोन्ही नायलॉन, तर भार जवळपास निम्मा-निम्मा वाटला जातो. असा दोर काठावर घासून खोळ फाटली, तर "वरचं कव्हर गेलंय, आतलं ठीक आहे" हे वाक्य घातक आहे. कव्हर नाही गेलेलं, निम्मा दोर गेलाय. दुसऱ्या जातीत गाभा एचएमपीईचा असतो, डायनीमा हे त्याचं ओळखीचं ब्रँडनाव. तिथे जवळजवळ सगळा भार गाभ्यावर असतो आणि खोळ फक्त घासण्यापासून, उन्हापासून वाचवते. ती थोडी फाटली म्हणून ताकद लगेच कोसळत नाही. पण उलटंही होतं: खोळ नवी कोरी दिसत असते आणि आतला गाभा संपलेला असतो.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. मार्च २०१५ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात झार्गा नावाचं एलएनजी वाहून नेणारं जहाज धक्क्याला लावत असताना दोर तुटला आणि डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्याला फार गंभीर दुखापत झाली. दोर एचएमपीईचा होता, वरून खोळ घातलेला. (तो डबल ब्रेड नव्हता, आत सरळ पदर होते, पण खोळीचा प्रश्न तोच.) ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या चौकशीत निघालं की आतले तंतू वापरून वापरून थकले होते आणि खोळीमुळे ते बाहेरून तपासताच येत नव्हते. शिवाय एचएमपीई स्वतः फार ताणत नाही, म्हणून तुटला तरी उसळून येणार नाही असा समज होता. पण त्याच्या टोकाला लवचीक दोराचा तुकडा जोडलेला होता. तो रबरासारखा ताणला गेला होता, त्याने सगळी ऊर्जा सोडली.

आपल्याकडची किती पोरं मर्चंट नेव्हीत जातात! या भागातलं एवढं एक घरी जाऊन सांगा: ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि त्याच्या वळणाच्या आत उभं राहायचं नाही, कोणीही कितीही ओरडलं तरी. तुटलेला दोर परत येतो तेव्हा बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. जहाजाचे दोर कसे निवडायचे, कसे तपासायचे, कधी काढून टाकायचे याचे आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०२४ पासून कडक झालेत. आता दोरांची तपासणी करून नोंद ठेवावी लागते. तुमच्या जहाजावर ती नोंद बघायला मागा.

बरं, आता माल. उरणच्या मित्रासाठी आणि अंबरनाथच्या मित्रासाठी उत्तर इथे वेगळं होतं.

बोट जेट्टीला बांधलेली असते तेव्हा ती स्थिर नसते. लाट आली, शेजारून लाँच गेली की हिसका बसतो. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. तिथे ताणणारा दोर हवा, हिसका पिऊन टाकणारा. तो म्हणजे नायलॉन. पॉलिएस्टरच्या साधारण दुप्पट ताणतो. त्याची एक खोड आहे, ओला झाला की दहा-पंधरा टक्के ताकद कमी होते, ती हिशोबात धरायची. आणि खरं सांगू का, लहान बोटीला डबल ब्रेडच हवा असं काही नाही. चांगला तीन पदरी नायलॉन स्वस्त पडतो आणि त्याचा पदर न् पदर डोळ्यांनी दिसतो. माझी बोट असती तर मी तोच घेतला असता.

विंचला उलटं. मशीन ओढताना दोर ताणत राहिला तर आधी काहीच हलत नाही आणि मग मशीन एकदम उडी मारतं. तिथे कमी ताणणारा पॉलिएस्टर डबल ब्रेड बरोबर. ओला झाला तरी त्याची ताकद फारशी कमी होत नाही, उन्हातही चांगला टिकतो. पण अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर म्हटलं की आपल्याला केमिकल विसरून चालत नाही. पॉलिएस्टरला कॉस्टिकसारखा तीव्र अल्कली खातो. नायलॉनला ॲसिड खातं. म्हणजे कॉस्टिकच्या टाकीजवळ पॉलिएस्टर नको आणि ॲसिडच्या लाइनखाली नायलॉन नको. दोर बाहेरून पांढराशुभ्र दिसत राहतो, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. त्यामुळे मित्रा, तुझ्या विंचच्या आसपास काय सांडतं ते आधी बघ, मग दुकानात जा.

तरंगण्याचाही विचार करा. २७ जुलै २०१९ आठवतंय ना? उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. अशा पाण्यात माणसाकडे फेकायचा दोर तरंगायलाच हवा, नाहीतर तो हाताला लागत नाही आणि बोटीच्या पंख्यात जातो. पॉलिएस्टरची घनता १.३८, नायलॉनची १.१४, दोन्ही बुडतात. पॉलिप्रॉपिलीन ०.९१, ते तरंगतं. सोसायटीत किंवा मंडळात पुरासाठी म्हणून दोर आणून ठेवणार असाल तर महागडा डबल ब्रेड पॉलिएस्टर आणू नका.

यावरून दुकानातली एक सोपी चाचणी. आपल्याकडे प्लास्टिकच्या कुठल्याही दोराला सरसकट 'नायलॉन' म्हणतात. हातभर तुकडा घ्या, बादलीतल्या पाण्यात दाबून आतली हवा काढा आणि सोडा. तरंगला तर तो नायलॉन नाही, संपला विषय. बुडाला तर नायलॉन की पॉलिएस्टर हे मात्र बादली सांगणार नाही, त्याला कंपनीचा कागद लागतो.

आता टनांकडे येऊ. दोराचा आकडा निघतो तो नव्या दोराला प्रयोगशाळेत सरळ रेषेत हळूहळू ताणून. मोबाइलचा बेंचमार्क स्कोअर एसी खोलीत काढतात आणि आपण फोन वापरतो मे महिन्यात बाइकवर, तसंच. शिवाय तो तुटण्याचा आकडा असतो, वापरायचा नाही. वापरायचा भार काढायला त्याला साधारण ५ ते १२ ने भागतात. काम जितकं जोखमीचं, हिसक्याचं, तितका मोठा भागाकार. पाच टन म्हणजे ५,००० किलो, दहाने भागले तर ५०० किलो. एवढंच. "पाच टनाचा आहे, दोन टन सहज" हे दुकानातलं गणित इथेच आपटतं.

त्यात गाठ. गाठीत दोर इतका वळतो की ताकद चाळीस-पन्नास टक्क्यांनी खाली येते. म्हणून डबल ब्रेडला टोकाला गाठ न मारता स्प्लाइस करतात, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच आत ओवून फासा बनवतात. नीट केलेला स्प्लाइस सुमारे नव्वद टक्के ताकद राखतो. तुमच्या गावात स्प्लाइस करणारा कोणी नसेल तर विकणाऱ्याकडूनच फासा करून घ्या, त्याचे वेगळे पैसे गेले तरी चालतील.

कप्पीही बघा. ढोबळ नियम असा की कप्पीचा व्यास दोराच्या व्यासाच्या निदान आठपट हवा. १६ मिलिमीटरच्या दोराला १२८ मिलिमीटर. लोक दोरावर हजारो रुपये घालवतात आणि जुनी, कडा झिजलेली, छोटी कप्पी तशीच ठेवतात. मापाचा आणखी एक घोळ: जहाजावरची जुनी मंडळी दोर घेराने मोजतात, दुकानात व्यासाने मिळतो. त्यांचा 'तीन इंची' म्हणजे साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा. फोनवर ऑर्डर देताना हे बोलून घ्या.

खरेदीला गेलात की गाभा कशाचा आणि खोळ कशाची ते वेगवेगळं विचारा. ताकदीचा आकडा स्प्लाइससकट आहे की त्याशिवाय, ते विचारा. आयएसओची मानकं आहेत, पॉलिएस्टर डबल ब्रेडसाठी १०५४७ आणि नायलॉनसाठी १०५५४, तो नंबर सर्टिफिकेटवर शोधा. चांगला माल फक्त परदेशातूनच येतो असंही नाही. पुण्याची गरवारे कंपनी १९७० च्या दशकापासून दोर आणि जाळी बनवतेय.

एका गोष्टीवर मी जरा कडक बोलणार आहे. उल्हासनगर, कल्याणला रंगकाम करणारी पोरं इमारतीवरून दोराला लटकलेली आपण रोज बघतो. माणसाने लटकायचा दोर वेगळा असतो, त्याला कर्नमँटल म्हणतात, त्याचं युरोपीय मानक ईएन १८९१. तोही बाहेरून खोळ, आतून गाभा, त्यामुळे दुकानात डबल ब्रेडशेजारी ठेवला तर ओळखू येत नाही. बोटीचा किंवा विंचचा डबल ब्रेड माणसाच्या जिवासाठी वापरायचा नाही. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर कंत्राटदाराला दोराचं सर्टिफिकेट आणि दुसरा, सुरक्षेचा वेगळा दोर, दोन्ही विचारा. रंगाच्या शेडवर तासभर चर्चा होते, त्यातली पाच मिनिटं इकडे द्या. आणि अंबरनाथच्या मित्रा, उद्या तोच विंचचा दोर वजन उचलायला वापरायचं कोणी सांगितलं तर थांब. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ मध्येच उचलण्याच्या साधनांची, दोरांसकट, निदान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी लिहिलेली होती.

शेवटी दोर घरी आल्यावर. महिन्यातून एकदा तरी पूर्ण लांबी हातातून काढा. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. कुठे चपटा लागला, पोकळ लागला, गाठीसारखा फुगवटा आला, खोळीतून गाभा डोकावला, तर तेवढा भाग गेला. चकचकीत कडक पट्टा दिसला तर तो ड्रमवर घसरून वितळलाय. एचएमपीई १५० अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे घसरण त्याला सगळ्यात लवकर मारते. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. आणि कापायच्या आधी टोकाला घट्ट सुतळी गुंडाळा, नाहीतर खोळ मागे सरकते आणि गाभा बाहेर लोंबतो.

स्प्लाइस कसा करतात ते बोलून समजवणं कठीण आहे, हात दिसायला हवेत. त्याचा व्हिडिओ करतोय, दोर आणलाय, सुई यायची आहे. उरणकर, तुझ्या जेट्टीचा फोटो पाठव, कशाला बांधतोस ते बघून बोलू.