देवावर प्रेम करायचं म्हणजे काय करायचं?



नाताळ जवळ आला की बचत गटाच्या बैठकीत मला हमखास एक प्रश्न येतो. "ताई, तुम्हा ख्रिस्ती लोकांत नवस नाही, सोवळंओवळं नाही. मग देवासाठी तुम्ही करता तरी काय?" प्रश्न चांगला आहे. आज त्यावरच बोलू.

येशूला एका शास्त्र्याने विचारलं होतं, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती? तो म्हणाला, देवावर मनाने, जिवाने, बुद्धीने आणि सगळ्या ताकदीने प्रेम करायचं; आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं. ख्रिस्ती माणसाने कशासाठी जगायचं, ते यात आलं. प्रार्थना, रविवारची उपासना, दानधर्म हे सगळं त्या प्रेमापोटी.

पण प्रेम कर म्हटल्याने होतं का? सासूने नव्या सुनेला सांगितलं, माझ्यावर माया कर, तर डोक्यावर पदर येईल, चहा वेळेवर मिळेल. माया मात्र आधी माया मिळाल्यावरच येते. देवाचंही तसंच आहे, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावरून छान कळतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमेला. पुराण सांगत सगळं कुटुंब तीर्थांवरून पायी फिरायचं. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये नवराही गेला. पदरात लहानगी मनोरमा. तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमध्ये फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना त्या तिथे मायेने सांभाळत. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने त्यांना शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट आपल्याला सहज कळेल. बाया पाण्याला सकाळी निघतात, ऊन चढायच्या आत, चारचौघींच्या सोबतीने. ही बाई भर दुपारी एकटी विहिरीवर आली. तिचे पाच नवरे झाले होते. अशी बाई एकटी का येते, हे आपल्याला कोणी समजवायला नको. येशूने तिच्याकडेच प्यायला पाणी मागितलं. यहुदी लोक ज्या शोमरोन्यांच्या हातचं घेत नसत, त्यांतली ती. त्याला तिचं सगळं आयुष्य ठाऊक होतं, तरी देवाबद्दलचं मोठं बोलणं तो तिच्याशी बोलला. घागर तिथेच टाकून ती गावात सांगत सुटली.

टाकलेल्या बाईवर देव असं प्रेम करतो, हे रमाबाईंच्या मनाला भिडलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं लागली. एवढी विद्वान बाई हे कबूल करते! धर्म बदलला, नियम पाळले, म्हणजे प्रेम आलंच असं नाही.

आपल्या गटात आधी बचत, मग कर्ज. देवाशीही असाच व्यवहार असतो, असं ख्रिस्ती माणसालाही वाटतं. रमाबाईंना उमगलं ते उलट होतं. देवाने आधीच दिलेलं आहे. आपलं प्रेम म्हणजे त्याची परतफेड नव्हे, ती फिटणारही नाही. ते त्याच्या प्रेमाला दिलेलं उत्तर आहे.

आणि ते उत्तर रमाबाईंनी कामातून दिलं. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं. धर्मांतरावरून पुण्यात मोठा वाद झाला, कितीतरी मुली घरच्यांनी परत नेल्या. त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली, बायका आणल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. अंध बायकांसाठी वेगळं सदन होतं. आणि फुलहॅमला पाहिलं होतं, तसं टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदनही होतं.

मन आणि ताकद लावली, तशी बुद्धीही लावली. साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम सुरूच होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

आपल्या खान्देशातही हे पाहायला मिळतं. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. तिथल्या नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती दवाखाना आहे. बाळंतपणाला, तापाला आदिवासी पाड्यांवरची माणसं तिथे येतात. शेजाऱ्यावर प्रेम म्हणतात ते हेच.

मैत्रिणींनो, तुम्ही कोणत्याही देवाला हात जोडत असा, एक काम तुमच्यावर सोपवते. आपल्या गावात नवऱ्याने टाकलेली, किंवा जिच्याबद्दल पारावर कुजबुज चालते अशी एखादी बाई असतेच. तिला गटात घ्यायचं म्हटलं की आपण गप्प होतो. हप्त्याची शंका असेल तर नियम सगळ्यांना सारखे आहेत, ते तिलाही लावा. पण निव्वळ लोक बोलतात म्हणून ती बाहेर असेल, तर पुढच्या बैठकीत सतरंजीवर तिच्यासाठी जागा करा. तिला बोलवायला दोघीजणी जा, आणि जाल तेव्हा तिच्या घरचं पाणी प्या.