जुनी उंची लेन्स कीं नवी तिऱ्हाईत?



गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. परंतु ‘तलावांचा जिल्हा’ हें जुन्या भंडाऱ्याचें बिरुद दोघांनींही वांटून घेतलें आहे. कोहळी लोकांच्या पूर्वजांनीं बांधलेले तलाव या मुलखांत ठिकठिकाणीं आढळतात, आणि नवेगांवबांधचा जलाशय हा त्यांतील मुकुटमणि होय. या पाण्यावर धान पिकतें, आणि धानाच्या बांध्यांतून सारस नांदतो. महाराष्ट्रांत सारस पाहावयाचा तर आज मुख्यतः याच जिल्ह्याची वाट धरावी लागते. आणि येथेंही अलीकडच्या गणनांत त्याचा आंकडा पन्नाशीला पोंचलेला नाहीं. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें या पक्ष्याच्या स्थितीची आपण होऊन दखल घेतली. परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांच्या कांठीं कॅमेरा घेऊन उभा असलेला तरुण आतां कोणाला नवलाचा वाटत नाहीं.

मी आज सारसावर बोलणार नाहीं. त्याचें छायाचित्र घेऊं इच्छिणाऱ्या माणसाच्या खिशावर बोलणार आहें. तथापि सारस मधून मधून मान वर काढील, त्याला माझा इलाज नाहीं.

लग्नसराईंत छायाचित्रें काढून पोट भरणारा कोणी होतकरू, किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेंतील एखादे गुरुजी, दोनतीन वर्षें पै-पै जमवून लाखाच्या आंतबाहेरची रक्कम उभी करतात. तेवढ्या रकमेंत दोन वाटा समोर दिसतात. एक, कॅमेरा बनविणाऱ्याच कंपनीची उंची लेन्स, परंतु वापरलेली, दुसऱ्याच्या हातून आलेली. दुसरी, कोरी करकरीत, पेटींतून निघालेली, परंतु तिऱ्हाईत कंपनीची. म्हणजे कॅमेरा एकाचा आणि लेन्स भलत्याचीच. सिग्मा आणि टॅमरॉन हीं यांतील सर्वांस ठाऊक असलेलीं नांवें. पैसे एकदांच खर्च होणार; चुकले तर पुन्हां जमावयास तितकींच वर्षें लागणार. म्हणून हा प्रश्न हौसेचा दिसला तरी त्याच्यामागें एका कुटुंबाचा संसार उभा असतो.

‘तिऱ्हाईत’ या शब्दानें नाक मुरडण्याचें मात्र कारण नाहीं. आज ज्या कॅननच्या लेन्सवरील तांबडी कडी पाहून लोक नमस्कार करतात, त्या कंपनीचा १९३६ सालीं बाजारांत आलेला पहिला कॅमेरा, हान्सा कॅनन, याला लेन्स होती ती निक्कोर. म्हणजे पुढें निकॉन म्हणून प्रसिद्ध झालेल्या कारखान्याची. कॅननचा जन्मच मुळीं तिऱ्हाईताच्या डोळ्यानें जग पाहत झाला! टॅमरॉन १९५० पासूनची आणि सिग्मा १९६१ पासूनची. या कांहीं काल-परवांच्या मंडळी नव्हेत.

आतां हिशेबाकडे वळूं. लेन्सची लांबी, म्हणजे तिचें नाभ्यंतर, मिलिमीटरांत सांगतात. थोडी मान आंखडून उभा असलेला सारस दीड मीटर उंच धरूं आणि तो शंभर मीटरांवर आहे असें समजूं. ३०० मिलिमीटरच्या लेन्सनें त्याची प्रतिमा कॅमेऱ्यांतील सेन्सरवर साडेचार मिलिमीटर उंच पडेल; ४०० नें सहा, आणि ६०० नें नऊ. सामान्य हौशी कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची सुमारें पंधरा मिलिमीटर असते. म्हणजे ६०० च्या लेन्समध्यें सारस चौकटीचा तीन-पंचमांश भाग व्यापील, तर ३०० च्या लेन्समध्यें जेमतेम तीन-दशांश. तेवढीच मोठी प्रतिमा ३०० नें हवी असेल तर पन्नास मीटरांवर जावें लागेल.

आणि येथेंच केवळ पैशाचा वाटणारा प्रश्न पक्ष्याच्या जिवाशीं येऊन भिडतो. सारस पावसाळ्यांत, पाण्यानें भरलेल्या धानाच्या बांधींतच पालापाचोळ्याचा ढीग रचून घरटें करतो. अंडीं बहुधा दोन. महिनाभर नर-मादी आळीपाळीनें उबवितात. माणूस जवळ आला कीं जोडी उठते, आणि उघडीं पडलेलीं अंडीं कावळ्यांच्या व कुत्र्यांच्या दृष्टीस पडतात. आखूड लेन्स विकत घेणारा आपल्या मोहाला पन्नास मीटर पुढें ढकलीत असतो. लांब लेन्स परवडत नाहीं म्हणून जवळ जाणें, हें मला तरी कोणत्याही हिशेबांत बसवितां येत नाहीं. घरट्यावर तर कोणत्याच लेन्सनें जाऊं नये. परंतु घरट्यापासून दूर, कापणी झालेल्या शेतांत चरणाऱ्या जोडीचेंही तेंच आहे.

या एका मुद्यावर तिऱ्हाईतांचें पारडें जड होतें. टॅमरॉननें २०१३ च्या अखेरीस आणि सिग्मानें २०१४ सालीं १५० ते ६०० मिलिमीटरच्या झूम लेन्स आणल्या, आणि ज्या लांबीसाठीं पूर्वीं मोटारगाडीची किंमत मोजावी लागे ती मध्यम ऐपतीच्या माणसाच्या आवांक्यांत आली. त्याच पैशांत वापरलेल्या उंची लेन्सपैकीं मिळतात त्या बहुधा ३०० किंवा ४०० मिलिमीटरच्या. कॅननची ३०० एफ ४ ही १९९७ सालची आणि ४०० एफ ५.६ ही १९९३ सालची.

मग त्या जुन्यांत असें काय आहे कीं लोक त्यांचा अद्याप शोध घेतात? ४०० एफ ५.६ चेंच पहा. तिच्या पोटांत अवघीं सात भिंगें आहेत. सिग्माच्या झूममध्यें वीस. एकाच लांबीसाठीं बांधलेली ती लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावरही कांठाकांठापर्यंत रेखीव चित्र देते. झूमची सहाशेंच्या टोकाची प्रतिमा मात्र छिद्र एफ ८ पर्यंत लहान केल्यावर खरी खुलते. वजन सव्वा किलो. सिग्माची हलक्यांत हलकी तशी झूम जवळजवळ दोन किलोंची. उडत्या सारसामागें हातांनींच लेन्स फिरवावयाची असेल तर या पाऊण किलोची किंमत दहा मिनिटांत खांद्याला कळते. शिवाय रेखीव प्रतिमा कापून मोठी करतां येते. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रांतून ४०० ची प्रतिमा ६०० एवढी दिसेल इतकी कापली, तर सुमारें पावणेअकरा मेगापिक्सेल उरतात. नेहमींच्या ए-४ आकाराच्या छपाईस तेवढे पुरतात.

पण याच लेन्समध्यें हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा नाहीं. ती यंत्रणा हात स्थिर करते, पक्ष्याला स्थिर करीत नाहीं, हें खरें. तथापि पहांटेच्या अंधुक उजेडांत उभ्या जोडीचें चित्र घेतांना तिची उणीव जाणवतेच.

उजेडाची गोष्ट निघालीच आहे तर नागझिऱ्याकडे वळूं. १९७० सालचें हें अभयारण्य २०१३ पासून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. तलावाच्या कांठचा मोकळा उजेड आणि जंगलांतल्या वाटेवरचा सकाळचा उजेड यांत महदंतर असतें. एफ ४ ची लेन्स एफ ६.३ च्या मानानें अडीचपट प्रकाश आंत घेते. म्हणजे एफ ४ वर एक-पांचशेंअंश सेकंदांत जें चित्र निघतें, त्यास एफ ६.३ वर एक-दोनशेंअंश सेकंद लागेल, आणि तेवढ्यांत चालत्या अस्वलाचे पाय पुसट होतील. ज्याचें मन जंगलांत आहे आणि ज्याला वाहनांतून तीसचाळीस मीटरांवरचीं जनावरें टिपावयाचीं आहेत, त्यानें ३०० एफ ४ सारख्या जुन्या लेन्सचा जरूर विचार करावा. एफ ५.६ आणि एफ ६.३ यांत मात्र अंतर सव्वापटीचेंच आहे. त्यासाठीं कोणीं भांडूं नये.

माझ्या परिचयाचे एक गुरुजी अर्जुनी मोरगांव तालुक्यांत असतात. त्यांना निकॉनची ८०-४०० मिलिमीटरची, सन २००० सालची लेन्स फार स्वस्तांत सांगून आली. पैसे देण्यापूर्वीं त्यांनीं मला विचारलें. मीं विचारलें, “गुरुजी, आपला कॅमेरा कोणता?” कॅमेरा निघाला डी ५००० मालिकेंतला. त्या जुन्या लेन्समध्यें स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्यांतील मोटरीनें ती फिरावयाची, आणि या मालिकेच्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नाहीं! चित्र निघालें असतें, पण प्रत्येक वेळीं हातानें कडी फिरवून. निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांना एफटीझेड जोडणी लावून जुन्या लेन्स चालतात, तेथेंही या जातीच्या लेन्सचें आपोआप केंद्रीकरण होत नाहीं. लेन्स उंची असून भागत नाहीं. आपल्या घरच्या कॅमेऱ्याशीं तिचें सोयरपण जुळलें पाहिजे.

तिऱ्हाईतांचेंही या बाबतींत सगळें आलबेल नाहीं. कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशीं ज्या सांकेतिक भाषेंत बोलतात, ती भाषा पुष्कळदां तिऱ्हाईतांना ऐकून ऐकून शिकावी लागली आहे. नवा कॅमेरा आला कीं जुनी तिऱ्हाईत लेन्स अडखळूं शकते. यावर तोडगा म्हणून सिग्मानें २०१३ सालीं आणि टॅमरॉननें २०१६ सालीं अशीं छोटीं उपकरणें काढलीं कीं ज्यांच्या योगें लेन्सला संगणकाशीं जोडून घरबसल्या तिची सुधारणा करतां येते. विकत घेतांना हें उपकरण आपल्या लेन्सला आहे कीं नाहीं तें विचारावें. अलीकडे कांहीं कारखानदार तिऱ्हाईतांना रीतसर परवानगीही देऊं लागले आहेत. कॅननने २०२४ सालीं आपल्या आरएफ जोडणीसाठीं या दोघांना लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सपुरतें दार उघडलें. मोठ्या लांबीच्या जुन्या ईएफ लेन्स, मग त्या कॅननच्या असोत वा सिग्माच्या, नव्या कॅमेऱ्यांवर जोडणी लावून वापरतां येतात.

आतां जुन्या लेन्सचा खरा शत्रु, तो म्हणजे बुरशी. आपला जिल्हा पाण्याचा; पावसाळ्यांत पेटींतल्या कपड्यांना वास येतो, तेथें भिंगांची काय कथा! लेन्सच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरतात आणि कालांतरानें भिंगावरचा लेप खातात. म्हणून जुनी लेन्स चित्रावरून वा फोनवरच्या गोड बोलण्यावरून घेऊं नये. गोंदियाहून नागपूर आगगाडीनें दोनअडीच तासांच्या वाटेवर आहे. तिकिटाचे पैसे खर्चावे आणि लेन्स हातांत घेऊन पाहावी. दोन्हीकडचीं टोपणें काढून एका बाजूनें टॉर्चचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूनें तिरपें पाहावें. धुळीचे चार कण दिसले तर घाबरूं नये, त्यांनीं चित्र बिघडत नाहीं. तंतु किंवा दुधट पडदा दिसला तर नमस्कार करून परत यावें. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर ती पूर्वीं उघडलेली आहे असें समजावें. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावें. मग भिंतीवर वर्तमानपत्राचें पान डकवून, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर समोर ठेवून, पूर्ण उघड्या छिद्रावर चित्र घ्यावें. चारही कोपरे सारखे वाचतां आले पाहिजेत. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधींतरी पडलेली असण्याचा संभव आहे. हें करावयास विक्रेता आडकाठी करूं लागला तर सौदा तेथेंच संपला. मूळ बिल मागावें. लेन्सवरचा क्रमांक बिलाशीं ताडून पाहावा. आणि एक गोष्ट लक्षांत असूं द्यावी कीं बंद झालेल्या लेन्सचे सुटे भाग कारखाने कांहीं वर्षेंच ठेवतात. तीस वर्षांपूर्वींच्या लेन्सची मोटर गेली तर उत्तम कारागीरही हात टेकतो.

गुरुजींना मीं काय सल्ला दिला, तो सांगतों. त्यांची ओढ सारसाची. जागा मोकळी, उजेड भरपूर, अंतर राखावयाचें. जवळपास दुरुस्तीची सोय नाहीं, म्हणून हमीपत्राला मोल अधिक. त्यांना मीं नवी तिऱ्हाईत लांब झूम सुचविली, आणि तीही नुसत्या ‘आयात’ मालाची नव्हे, तर भारतांतील अधिकृत विक्रेत्याच्या बिलानिशीं. उद्यां विकावयाची पाळी आली तर तिची किंमत जुन्या उंची लेन्सहून अधिक घसरेल, हेंही त्यांना सांगितलें. जुनीची घसरण अगोदरच कोणीतरी सोसलेली असते. त्यांच्या जागीं दुरुस्तीची सोय असलेल्या शहरांत राहणारा, चांगला कॅमेरा बाळगणारा आणि उडते पक्षी टिपणारा कोणी असता, तर मीं ४०० एफ ५.६ चेंच नांव घेतलें असतें.

दोहोंपैकीं कोणतीही घेतली तरी उन्हाळ्यांत सकाळचे नऊ वाजल्यानंतर शंभर मीटरांपलीकडचें चित्र घेण्याची आशा सोडावी. तापलेल्या शेतावरची हवा अशी थरथरते कीं लाखाची लेन्स आणि दहा लाखांची लेन्स तेथें सारख्याच निरुपयोगी ठरतात. वाहनाच्या खिडकीवर टेकू म्हणून तांदूळ भरलेली जाड कापडी पिशवी ठेवावी. तांदळाच्या या जिल्ह्यांत तिला वेगळा खर्च नाहीं. मात्र लेन्सचा दमटपणा जावा म्हणून तिला तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची जी चाल कोठें कोठें दिसते, ती सोडून द्यावी; तांदळाचा भुसा कड्यांच्या फटींतून आंत शिरतो. घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहानसा आर्द्रतामापक एवढें पुरे. कांटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावा. साठाच्या वर जाऊं लागला कीं पुड्यांतील खडे कढईंत मंद आंचेवर कोरडे करून, गार झाल्यावर पुन्हां डब्यांत घालावे.