डाळिंबाची साठवण

सोलापूरच्या बाजारांत डाळिंबांचे ढीग लागले, कीं घरोघरीं चार फळें अधिकच घेतलीं जातात. साल जाड, तेव्हां फळ टिकाऊ, अशी सर्वांची समजूत! पंधरवड्यानें टोपलींतलें फळ कापावें, तों साल लांकडासारखी कडक आणि दाणे निस्तेज. मग दोष दुकानदाराच्या माथीं जातो.

या फळामागचे श्रम थोडे नाहींत. सांगोलें, मंगळवेढें, पंढरपूर या कमी पावसाच्या तालुक्यांत शेतकरी आधीं पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि मग बहार धरतो. ‘भगवा’ जातीचें फळ तयार होण्यास फुलापासून सुमारें सहा महिने लागतात. या पिकाच्या अभ्यासासाठीं सोलापुरास २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झालें. २०१६ सालीं सोलापूर डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळालें. असें फळ स्वयंपाकघरांत वायां जावें, ही हानि लहान नव्हे.

आंबा अढींत पिकतो. डाळिंबाचें तसें नाहीं. झाडावरून उतरल्यावर त्याची गोडी वाढत नाहीं. म्हणून साठवणीनें फळ सुधारेल ही आशा व्यर्थ होय. आहे तो गुण राखणें एवढेंच साधतें.

तोडलेलें फळहि जिवंत असतें. तें श्वसन करितें आणि सालीच्या सूक्ष्म छिद्रांतून त्यांतील पाणी उडून जातें. सोलापूरच्या कोरड्या हवेंत हें फार लवकर घडतें. शीतगृहांत म्हणूनच ५ ते ७ अंश सेल्सियस उष्णतामान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता राखतात; अशा स्थितींत चांगलें फळ दोन-तीन महिने टिकतें. मात्र अधिक थंडी म्हणजे अधिक लाभ, असें नव्हे. ५ अंशांखालीं फळ दीर्घकाळ राहिल्यास सालीवर डाग व खळगे पडतात आणि दाण्यांमधले पांढरे पापुद्रे तपकिरी होतात.

घरीं काय करावें? तडकलेलीं व खरचटलेलीं फळें प्रथम निवडून आधीं संपवावीं. बुरशीचा शिरकाव तेथूनच होतो. उरलेलीं न धुतां, कोरडीं पुसून, छिद्रें असलेल्या पिशवींत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यांत ठेवावीं आणि आठवड्यांतून एकदां पाहावीं.

सोललेल्या दाण्यांना सालीचें संरक्षण उरत नाहीं. ते स्वच्छ हातांनीं सोलून, झांकणाच्या कोरड्या भांड्यांत घालून फ्रीजमध्यें ठेवावे व थोड्याच दिवसांत संपवावे. गोठविल्यास ते महिनोंमहिने टिकतात, परंतु मऊ पडतात. सरबतास मात्र चालतात. रसाचा रंग उष्णतेनें व उजेडानें फिका पडतो आणि लोखंडाच्या स्पर्शानें काळवंडतो. म्हणून रस कांचेच्या बाटलींत, थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावा.

गरजेपुरतीं फळें घेणें व घेतलेलीं वेळेवर खाणें, हें या सर्वांहून सोपें. तेवढें पाळलें, तर सहा महिन्यांची ती मेहनत ताटापर्यंत पोंचते.