आलेखातला आवाज आणि कानातला आवाज



प्रयोगशाळा म्हटली, की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरे कोट, काचेच्या नळ्या आणि शांतता. मीही याच समजुतीत औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली. २०११ साली मला शांघायमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. परदेशी पाठवायच्या चिनी पारंपरिक औषधांची तपासणी हे तिथलं काम. पहिल्या दिवशी नमुने तयार करायच्या खोलीचं दार उघडलं आणि वाटलं, आपण चुकून पिठाच्या गिरणीत आलो!

तसं ते वाटणं अगदीच चूक नव्हतं. वनस्पतीची तपासणी सुरू होते ती दळण्यापासून. गान्साव म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचं भावंड, ते तंतुमय. सानची नावाची मुळं तर दगडासारखी टणक. ती ग्राइंडरमध्ये पडली, की पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज येई. चूर्ण चाळायचं, द्रावकात घालायचं आणि अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवायचं. चीनच्या औषधकोशात ही कृती इतकी बारकाईनं लिहिलेली असते, की अनेक ठिकाणी त्या यंत्राची शक्ती आणि वारंवारताही दिलेली असते.

या बाथची एक गंमत आहे. त्याची कंपनं सेकंदाला साधारण ४० हजार. माणसाच्या कानाला फार तर २० हजारांपर्यंतचं ऐकू येतं. म्हणजे हे यंत्र आपल्या लेखी मुकं असायला हवं. पण त्या कंपनांनी पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. त्यांचा आवाज मात्र चांगला ऐकू येतो. तापल्या तव्यावर पाणी चरचरत राहावं तसा, अर्धा अर्धा तास.

पुढच्या खोलीत मास स्पेक्ट्रोमीटर. त्याच्या पोटात निर्वात पोकळी लागते, म्हणून त्याचा पंप रात्रंदिवस चालू. त्याला नायट्रोजन लागतो, म्हणून शेजारी कॉम्प्रेसर. शिवाय वाफा ओढून नेणारे पंखे. या सगळ्यांचा मिळून एक घुं असा सूर दिवसभर डोक्यात बसे आणि रात्री उशीवर डोकं टेकलं तरी जात नसे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. त्याचं एक उत्तर बेल्जियममध्ये आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. त्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. हानफांगची या वनस्पतीऐवजी ग्वांगफांगची वापरली गेली होती. नावं कानाला जवळजवळ सारखी. पण दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडाचा नाश करतं आणि कर्करोगही घडवतं. असं विष अत्यल्प प्रमाणात असलं तरी पकडायचं, तर ही यंत्रं हवीतच.

आता आमच्या धंद्यातला एक शब्द सांगते. यंत्र कागदावर जो आलेख काढतं, त्यातली तळाची रेघ कधीच सरळ नसते. ती थरथरते. त्या थरथरीला आम्ही ‘नॉइज’, म्हणजे आवाजच म्हणतो. एखादा पदार्थ नमुन्यात आहे असं म्हणायचं, तर त्याचा उंचवटा या थरथरीच्या किमान ३ पट हवा. तो किती आहे हे खात्रीनं सांगायचं, तर १० पट. कागदावरच्या या आवाजाचा हिशेब आम्ही डोळ्यांत तेल घालून ठेवायचो. खोलीतल्या आवाजाकडे मात्र सर्वांनीच कानाडोळा केला होता.

दळणाच्या खोलीत एक वयस्कर कारागीर होते. सगळे त्यांना शिफू म्हणत. चीनमध्ये हातात कसब असलेल्या माणसाला आदरानं असं म्हणतात. आपल्याकडे उस्ताद म्हणावं तसं. वीसेक वर्षं त्यांनी औषधं दळली होती. वासावरून ते मुळाची प्रत सांगत, पंपावर तळहात ठेवून तेल बदलायची वेळ ओळखत. बोलत मात्र फार मोठ्यानं. मला आधी वाटलं, माझं चिनी कच्चं आहे म्हणून ओरडतात.

एका दुपारी बाथची वेळ भरली. बारीक ‘पीप पीप’ सुरू झालं. शिफू त्याच्या शेजारी उभे होते, दोन हातांवर. ते हलले नाहीत. मी धावत जाऊन नमुना बाहेर काढला आणि म्हटलं, “शिफू, वाजत होतं ना!” ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, “हे वाजतं?”

त्या दोन शब्दांनी मी हादरले.

मी ध्वनिमापक मिळवला. ग्राइंडरजवळ आकडा ९४ डेसिबलवर गेला. चीनच्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या कामासाठी मर्यादा ८५ ची. आणि डेसिबलचं गणित फसवं असतं. ३ नं आकडा वाढला, की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सोसायची वेळ निम्मी करावी लागते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. शिफूंचं दळण दिवसाला दोन-अडीच तासांचं होतं.

हे आकडे घेऊन मी व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले.

मग मी दुसरा कागद नेला. ग्राइंडरच्या भिंतीपलीकडे आमचा सूक्ष्म तराजू होता, ग्रॅमचा पाचवा दशांश दाखवणारा. ग्राइंडर सुरू झाला, की त्याचा शेवटचा आकडा नाचायचा. वजन चुकलं तर पुढचा सगळा अहवाल चुकणार. हा कागद पाहिल्यावर मात्र आठवड्यात सुतार आले. शिफूंच्या कानांसाठी जे झालं नाही, ते तराजूच्या शेवटच्या आकड्यासाठी झालं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

उपाय साधेच होते. ग्राइंडर स्वतंत्र खोलीत गेला, त्याखाली जाड रबर आलं. पंपाला आतून फोम लावलेली पेटी केली. तो तापू नये म्हणून पेटीला पंखा ठेवला. बाथवर झाकण आलं. शिफूंना कानातली बोंडं मिळाली आणि घड्याळाला शिट्टीबरोबर लाल दिवा.

नंतर मी शिफूंबरोबर कानाच्या तपासणीला गेले. आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात. त्या एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानं आधी साधारण ४ हजार कंपनांच्या आसपासचं ऐकू येणं जातं. बोलण्यातले स, श, त यांसारखे बारीक वर्ण मग निसटू लागतात. माणूस म्हणतो, मला ऐकू येतं, पण कळत नाही. शिफूंच्या आलेखात नेमका तिथेच खोल खड्डा होता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या आलेखांसाठी नमुने दळले. हा पहिला त्यांचा स्वतःचा. तो हातात धरून ते म्हणाले, “नात गाणं म्हणते तेव्हा सगळे हसतात. आता कळलं, मलाच अर्धं ऐकू येत होतं.”

२०१३ मध्ये मी परत आले. आता पुण्यात आयुर्वेदिक वनस्पतींची तपासणी करते. यंत्रं तीच, दळणही तसंच. आमच्या नोंदवहीत तापमान आणि आर्द्रतेशेजारी डेसिबलचाही एक रकाना आहे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी पिठाच्या गिरणीत, मसाला कांडपावर, कारखान्यात काम करत असेल. ध्वनिमापक नसला तरी चालेल. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला आवाज ८५ च्या आसपास किंवा पुढे आहे असं समजा. कानात बोंडं घाला आणि वर्षातून एकदा कान तपासून घ्या. आमच्या शिफूंना हे सांगायला वीस वर्षांत कुणी आलं नव्हतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)